आधी शिंग फुंकू, मग वाद घालू

८ एप्रिल २०२० च्या रात्री कोरोनामुळे इस्रायलमध्ये घराबाहेर पडायला बंदी होती. पेसाहच्या सणाची ती पहिली रात्र. एरवी या दिवशी देशभरातले रस्ते नातेवाइकांच्या गाड्यांनी तुंबतात, आजीच्या घरी पंधरा-वीस माणसं जमतात, शेजारून खुर्च्या मागून आणाव्या लागतात. मिसरच्या गुलामीतून पूर्वज सुटले त्याची कहाणी जेवता जेवता सांगायची, बिनखमिराची भाकर आणि कडू पाला खायचा, वाइनचे चार पेले प्यायचे, आणि या सगळ्याला तोंड फोडायचं ते घरातल्या धाकट्या पोराने. आजची रात्र इतर रात्रींहून वेगळी कशी, अशा अर्थाचे प्रश्न त्याने विचारायचे आणि थोरांनी उत्तरं द्यायची. या विधीला सेडर म्हणतात. प्रश्नावाचून सेडर पुढे सरकत नाही.

त्या वर्षी जगभर असंख्य ज्यू माणसं सेडरला एकटी बसली. मुलगा पलीकडच्या गल्लीत राहत असला तरी यायची सोय नव्हती. मग प्रश्न विचारायचे कोणी? तालमूद या ज्यू धर्मशास्त्राच्या जुन्या ग्रंथात याचं उत्तर होतं. मुलाने विचारावं, मूल नसेल तर बायकोने, तीही नसेल तर माणसाने स्वतःलाच विचारावं. सगळे नियम तोंडपाठ असलेले दोन पंडित समोरासमोर बसले असतील तर त्यांनीसुद्धा एकमेकांना विचारावं. शेकडो वर्षं हे कलम वाचलं जात होतं, पण बहुतेकांवर ते वापरायची वेळ आली नव्हती. २०२० मध्ये ती आली.

सेडरच्या दोन आठवडे आधी इस्रायलमध्ये एक वाद पेटला होता. सेफार्दी, म्हणजे मूळ स्पेनकडच्या ज्यूंच्या, परंपरेतल्या चौदा रब्बींनी (धर्मगुरूंनी) निर्णय दिला की एकट्या पडलेल्या म्हाताऱ्या आईबापांना नातवंडांसोबत ‘झूम’वरून सेडर करता यावा, म्हणून सण लागण्याआधी कॉम्प्युटर सुरू करून ठेवायला हरकत नाही. सणाच्या दिवशी विजेचं यंत्र चालू-बंद करणं पारंपरिक ज्यू आचारात निषिद्ध आहे, पण आधीच सुरू असलेल्या यंत्रासमोर बसायला काय अडचण, असा त्यांचा रोख. एकटेपणाने खचलेल्या म्हाताऱ्यांना जगायची उमेद राहावी, हे त्यांनी कारण दिलं. देशाच्या दोन्ही मुख्य रब्बींनी हा निर्णय फेटाळला. एकटेपणा दुःखद आहे, पण त्याने जीव धोक्यात येत नाही. फोन करायचा तर सण लागण्यापूर्वी करा, असं त्यांचं म्हणणं. चौदांपैकी काहींनी नंतर माघार घेतली.

बाहेरच्याला हा वाद हास्यास्पद वाटेल. जग बंद पडलंय आणि ही मंडळी बटणावर भांडतायत! मला तो तसा वाटत नाही. ज्यू इतिहासात प्रत्येक मोठ्या संकटानंतर नवी वाट निघाली ती अशाच बारीकसारीक, चिकट वादातून. एखाद्या प्रेषिताने डोंगरावर उभं राहून नवा धर्म सांगितला, असं तिथे फारसं घडलेलं नाही. घडलं ते असं: कोणीतरी एक अडलेला माणूस प्रश्न घेऊन आला, कोणीतरी जुनी पोथी उघडली आणि आजवर कोपऱ्यात पडलेलं एखादं वाक्य बाहेर काढलं.

या रीतीचा उगम शोधायचा तर इसवी सन ७० मध्ये जावं लागतं.

त्या वर्षीच्या उन्हाळ्यात रोमन सेनापती टायटसने जेरुसलेमचं मंदिर जाळलं. आपल्याकडे एक देऊळ पडलं तर दुसरं असतं. तिथे तसं नव्हतं. मंदिर एकच. रोजचे बळी तिथेच, पापक्षालन तिथेच, वर्षातून तीन वाऱ्या तिथेच, पुरोहितांचा सगळा व्यवहार तिथेच. पेसाहचं कोकरू कापायचं तेही तिथेच. मंदिर गेलं तेव्हा धर्म पाळायची जागाच गेली. मंदिरासाठी ज्यू लोक जी वार्षिक पट्टी भरत, ती रोमन सरकारने चालूच ठेवली, फक्त पैसा रोममधल्या ज्युपिटरच्या देवळाकडे वळवला. लुटून नेलेला सात फाट्यांचा दीप रोममध्ये टायटसच्या कमानीवर कोरलेला आहे; आजही पर्यटक त्याचे फोटो काढतात.

वेढ्याच्या काळातली एक गोष्ट तालमूदने जपली आहे. शहरातल्या जहाल बंडखोरांनी लोकांनी लढायलाच उभं राहावं म्हणून धान्याची कोठारं जाळून टाकली होती आणि वेशीबाहेर कोणाला जाऊ देत नव्हते. म्हातारे रब्बी योहानान बेन झक्काई यांचा भाचाच या बंडखोरांचा पुढारी. त्यानेच मामाला युक्ती सांगितली: आजारी पडल्याचं सोंग करा, मग मेल्याचं. एलिएझर आणि येहोशुआ या दोन शिष्यांनी गुरूला प्रेत म्हणून खांद्यावरून वेशीपर्यंत नेलं. पहारेकऱ्यांना खात्री करायला प्रेतात भाला खुपसायचा होता. आपल्याच गुरूच्या प्रेतात भाले खुपसतात असं रोमन म्हणतील, हे ऐकून ते थांबले. बाहेर पडल्यावर योहानान रोमन सेनापती वेस्पासियनपुढे उभे राहिले, तू सम्राट होशील असं भाकीत केलं, आणि तेवढ्यात रोमहून तशी बातमी आली. खूश झालेल्या वेस्पासियनने काय हवं ते माग म्हटलं. योहानानने तीन गोष्टी मागितल्या: यावने हे गाव आणि तिथले पंडित, रब्बान गमलिएलचं घराणं, आणि रब्बी झादोकसाठी वैद्य. जेरुसलेम वाचावं म्हणून हा झादोक चाळीस वर्षं उपास करून नुसता हाडांचा सापळा उरला होता.

ही गोष्ट जशीच्या तशी घडली, असं कोणी गंभीर इतिहासकार मानत नाही. तिची रूपंही एकाहून अधिक आहेत. पण गोष्टीचा पुढचा भाग मला जास्त बोलका वाटतो. तालमूद तिथेच विचारतं: हा मूर्खपणा नव्हे काय? सम्राट होऊ घातलेला माणूस ‘माग’ म्हणतोय आणि याने एक गाव, एक घराणं आणि एक डॉक्टर मागितला? जेरुसलेम सोडून दे असं का म्हटलं नाही? त्यावरचं उत्तरही लगेच दिलं आहे: इतकं मोठं मागितलं असतं तर थोडंही हाती लागलं नसतं. दोन्ही मतं शेजारी शेजारी ठेवून ग्रंथ पुढे जातो. स्वतः योहानान मरणाच्या वेळी रडले, आपल्याला कोणत्या वाटेने नेतील ते ठाऊक नाही म्हणाले, हेही तालमूदमध्येच दुसरीकडे आहे. आपल्या तारणहाराविषयी इतकी मोकळी शंका लिहून ठेवणारी परंपरा विरळाच.

यावने आजही आहे. तेल अवीवच्या दक्षिणेला, किनाऱ्यापासून थोडं आत, इमारती वाढत चाललेलं एक मध्यम शहर. तिथल्या उत्खननात सापडलेल्या त्या काळच्या एका इमारतीची माहिती इस्रायलच्या पुरातत्त्व खात्याने २०२१ मध्ये जाहीर केली. तीत चुनखडीच्या दगडाची भांडी निघाली. मातीचं भांडं विटाळतं, दगडाचं विटाळत नाही, हा ज्यू शुद्धीचा नियम. म्हणजे ज्या मंदिरासाठी सोवळं पाळायचं ते मंदिर गेलं तरी हे लोक स्वयंपाकघरात सोवळं पाळतच होते. सगळं काही एका रात्रीत बदललं नाही, याचा इतका साधा पुरावा दुसरा नसेल.

आता शिंगाची गोष्ट. नवीन वर्षाच्या दिवशी, रोश हशानाला, मेंढ्याचं शिंग फुंकायचं असतं. त्याला शोफार म्हणतात. हा दिवस शब्बाथला, म्हणजे शनिवारी आला, तर शोफार फक्त मंदिरात फुंकत, बाहेर नाही. मंदिर पडल्यावर असाच एक शनिवार आला आणि लोक यावनेत जमले. योहानान म्हणाले, फुंकू या. बेतेरा घराण्यातले लोक म्हणाले, थांबा, आधी चर्चा करू. योहानान म्हणाले, आधी फुंकू, मग चर्चा करू. फुंकून झालं. बेतेरांनी म्हटलं, आता बोला. यावर योहानानचं उत्तर असं की यावनेत शिंग वाजलेलं सगळ्यांनी ऐकलं आहे, आणि झालेल्या गोष्टीवर मागाहून वाद घालायचा नसतो.

हा सरळसरळ डाव होता, आणि तो खेळणारा माणूस पुढे सगळ्यांना पूज्य झाला. मिश्ना या पुढे संकलित झालेल्या नियमग्रंथात निर्णय नोंदला गेला तो असा, की जिथे न्यायसभा आहे तिथे शब्बाथलाही शोफार फुंकावा. मंदिराचा मान एका पंचायतीला मिळाला. याच माणसाने आणखी एक निर्णय दिला: सुक्कोथच्या सणात खजुराची झावळी मंदिरात सात दिवस आणि गावात एकच दिवस हलवायची रीत होती, ती आता मंदिराच्या स्मरणार्थ सगळीकडे सात दिवस हलवावी. हे दोन निर्णय एकत्र वाचले म्हणजे माणसाचं डोकं कसं चालत होतं ते कळतं. पहिल्याने मंदिरावाचून भागवायला शिकवलं, दुसऱ्याने मंदिर विसरू दिलं नाही.

विसरू न देण्याचाही अतिरेक होत होता. मंदिर पडल्यावर पुष्कळांनी मांस आणि वाइन सोडली. ज्याचा बळी वेदीवर चढत होता ते मांस आम्ही कसं खावं, जी वाइन वेदीवर ओतत होते ती कशी प्यावी? योहानानला खांद्यावरून नेणारा शिष्य येहोशुआ त्यांच्याशी बोलायला गेला. त्याने त्यांना विचारलं, मग भाकरीही नको, धान्याचे नैवेद्यही बंद झालेत. ते म्हणाले, फळांवर राहू. फळंही नको, पहिल्या फळांचा नैवेद्य बंद झाला. दुसरी फळं खाऊ. मग पाणीही नको, वेदीवर पाणीही ओतत होते. ते गप्प झाले. येहोशुआने त्यांना समजावलं की मुळीच शोक न करणं जमणार नाही, आणि झेपणार नाही इतका शोक करणंही जमणार नाही. माणसाने घराला गिलावा करावा, पण थोडी जागा उघडी ठेवावी. पुढच्या शास्त्रकारांनी तिचं माप ठरवलं: हातभर लांब, हातभर रुंद, दारासमोर. जेरुसलेममधल्या काही धार्मिक घरांत नव्या कोऱ्या रंगवलेल्या भिंतीवर दारासमोर असा ओबडधोबड चौकोन आजही असतो. लग्नात नवरा पायाखाली पेला फोडतो, त्यामागेही हीच आठवण सांगतात.

यावनेचं कौतुक करताना एक गोष्ट दडपून चालत नाही. या बदलात हरलेलेही होते. पुरोहितांचं महत्त्व गेलं, त्यांच्याशी जोडलेला सदूकी पंथ इतिहासातून नाहीसाच झाला. शिवाय बदल शांतपणे झाला असंही नाही; १३२ ते १३५ मध्ये बार कोखबाने पुन्हा बंड केलं आणि रोमनांनी ते चिरडलं. या सगळ्यानंतर, इसवी सन २०० च्या सुमारास, येहुदा हनासी यांनी मिश्ना संकलित केली. तिच्यात हरलेल्या बाजूची मतंसुद्धा नावानिशी आहेत. का ठेवायची ती, असा प्रश्न मिश्नाच विचारते आणि एक कारण देते: पुढच्या एखाद्या न्यायसभेला त्या मताचा आधार घ्यावासा वाटला तर तो हाताशी असावा. माझ्या मते ज्यू टिकाऊपणाचं गुपित शोधायचं तर ते इथे आहे. हरलेलं मत फेकायचं नाही. आज त्याचं काम नसेल, पुढच्या संकटात असेल.

या कथेला एक कोकणी फाटा आहे. बेने इस्रायलांची परंपरा सांगते की त्यांचे पूर्वज गलबत फुटून अलिबागजवळ नवगावच्या किनाऱ्याला लागले. सात पुरुष आणि सात बायका वाचल्या, पोथ्या बुडाल्या. हाईम सॅम्युएल केहीमकरांनी त्यांचा इतिहास लिहिला, त्यात हे येणं मंदिर पडण्याच्या आधीचं, इसवी सनापूर्वीचं मानलं आहे. इतिहासकारांत यावर एकमत नाही. पण परंपरा खरी धरली तर हे लोक यावनेला मुकलेले. योहानान नाहीत, मिश्ना नाही, तालमूद नाही. हाती उरलं काय? शनिवारी घाणा बंद ठेवणं, म्हणून तर गावाने त्यांना शनवार तेली म्हटलं. मुलांची सुंता, ‘शेमा’ ही एक प्रार्थना, आणि एलियाहू हन्नाबी या प्रेषिताच्या नावाने मलिदा. भिजवलेले पोहे, गूळ, खोबरं, वर फळं. नवस फिटला की, लग्नकार्य निघालं की हे ताट आजही मांडलं जातं.

सणांची नावं त्यांनी मराठीच ठेवली. नव्याचा सण, दारं लावून घरात बसायचा म्हणून दरफाळणीचा सण, आणि आषाढ-श्रावणाच्या सुमारास येणारा बिरड्याचा सण. हा शेवटचा म्हणजे आव महिन्याची नववी तिथी, मंदिर पडल्याचा शोकदिन. जगभरच्या ज्यूंचा सर्वांत काळा दिवस रायगडातल्या गावांत सोललेल्या वालाच्या नावाने ओळखला जात होता! मंदिर पडण्याआधी निघालेल्या लोकांकडे त्याचा शोक कसा आला? बहुधा नंतर आलेल्या शिक्षकांकडून. डेव्हिड रहाबी नावाच्या गुरूने त्यांना नियम शिकवले आणि काजी नेमले, असं परंपरा सांगते. तो कोणत्या शतकातला, यावरही वाद आहे. १७९६ मध्ये सॅम्युएल इझिकेल दिवेकरांनी मुंबईत मांडवीला पहिलं सिनेगॉग बांधलं. १८७४ साली पुण्यात छापलेल्या मराठी हग्गादामध्ये, म्हणजे सेडरला वाचायच्या पोथीत, सणाची भाकर करणाऱ्या बायका इथल्याच वेशात आहेत. मलिदा मात्र सुटला नाही. इस्रायलला गेलेल्यांनी तो लोद, दिमोना, अश्दोदला नेला. नवे नियम आले तरी संकटकाळात ज्याने तगवलं ते टाकायचं नाही, हे यावनेला न गेलेल्या लोकांनाही कळलेलं दिसतं.

मधल्या शतकांवरून भरभर जातो. १४९२ मध्ये स्पेनने ज्यूंना हाकललं; त्यातल्या काहींचे वंशज गॅलिलीतल्या सफेदला पोचले आणि तिथे सोळाव्या शतकात शुक्रवारच्या संध्याकाळी शब्बाथचं स्वागत गाऊन करायची रीत रुजली. आज ती जगभर आहे. हद्दपारीच्या दुःखातूनच सफेदचा गूढवाद जन्मला, असं गेर्शोम शोलेम म्हणत. मोशे इदेल यांना ते मान्य नाही. तो वाद अभ्यासकांचा.

थांबायला हवं ते लिथुआनियातल्या कोव्हनो शहरात. ऑगस्ट १९४१ मध्ये नाझींनी तिथल्या ज्यूंना घेट्टोत कोंडलं. तरुण रब्बी एफ्राइम ओश्री यांच्याकडे लोक प्रश्न घेऊन येत. ओश्री उत्तरं सिमेंटच्या पोत्यांच्या कागदावर लिहीत आणि डब्यांत घालून पुरून ठेवत. १९४४ मध्ये शहर मुक्त झाल्यावर त्यांनी ते डबे उकरून काढले. पुढे अमेरिकेत त्या उत्तरांचे खंड निघाले. प्रश्न वाचले की अंगावर काटा येतो, कारण ते विलक्षण साधे आहेत. सकाळच्या प्रार्थनेत, देवा तू मला गुलाम केलं नाहीस, अशा अर्थाचा एक आशीर्वाद आहे. आम्ही तर रोज बंदुकीच्या धाकाने राबतो, मग हे कोणत्या तोंडाने म्हणायचं? खोटं बोलल्याचं पाप नाही का लागणार? ओश्रींचा निर्णय: म्हणायचं. हा आशीर्वाद शरीराच्या स्वातंत्र्याबद्दल नाहीच, आणि आज तर तो मुद्दाम म्हणायला हवा, म्हणजे शत्रूने ठरवलेली आपली ओळख आपण मान्य केली नाही हे आपल्यालाच कळेल.

नरसंहारानंतर ज्यू विचारवंतांनी देवाविषयी ग्रंथच्या ग्रंथ लिहिले. त्यातले काही थोर आहेत. मला पोत्याच्या कागदावरचं ते उत्तर जास्त पटतं.

२०२० कडे परत येऊ. मार्चच्या सुरुवातीला न्यूयॉर्कजवळच्या न्यू रोशेलमध्ये एका सिनेगॉगशी जोडलेले रुग्ण सापडत गेले आणि त्याच्याभोवती एक मैल त्रिज्येचं प्रतिबंधित क्षेत्र आखलं गेलं. १२ मार्चला न्यू जर्सीतल्या बर्गन काउंटीच्या रब्बींनी तिथली सिनेगॉगं बंद केली. घरी जमून प्रार्थना करायलाही मनाई केली. सरकारी हुकमाची त्यांनी वाट पाहिली नाही. इस्रायलमध्ये बने ब्राकचे वयोवृद्ध रब्बी हाईम कनिएव्हस्की यांनी आधी पाठशाळा चालू ठेवायला सांगितलं होतं. महिनाअखेरीस त्यांनी मत बदललं आणि एकट्याने प्रार्थना करा म्हणाले. मधल्या काळात रोग पसरायचा तो पसरला. एप्रिलच्या सुरुवातीला ते शहर सील करावं लागलं. जीव वाचवण्यासाठी जवळपास सगळे नियम बाजूला ठेवता येतात, हे ज्यू धर्मशास्त्राचं अगदी पायाभूत तत्त्व. ते पाठ असूनही वेळेवर न सुचणं, हे परंपरेच्या नव्हे तर माणसांच्या अपयशात मोडतं.

या काळात एक जुनं पत्र फिरत होतं. १८३१ च्या कॉलऱ्यात पोझेनचे रब्बी अकिवा एगर यांनी लिहिलं होतं की एका वेळी पंधराच माणसांनी प्रार्थनेला जमावं, पाळ्या लावाव्यात, आणि जास्त लोक घुसू नयेत म्हणून हवं तर पोलीस उभा करावा. १८४८ च्या कॉलऱ्यात व्हिल्नाचे रब्बी इस्रायल सालांतर यांनी योम किप्पूरच्या कडक उपासाला लोकांना खायला लावलं, काही जण सांगतात की सगळ्यांसमोर स्वतःही खाल्लं. ती आख्यायिका, एगरचं पत्र मात्र खरं. जवळजवळ एकशे नव्वद वर्षांनी ते जसंच्या तसं उपयोगी पडलं.

खरी अडचण मिन्यानची. दहा प्रौढ जमल्याशिवाय काही प्रार्थना म्हणताच येत नाहीत. पारंपरिक पंथात दहा पुरुष, इतर पंथांत बायकाही मोजतात. या प्रार्थनांतली सर्वांत जिव्हाळ्याची म्हणजे कद्दीश. आईबाप गेल्यावर मूल अकरा महिने रोज ती म्हणतं. गंमत अशी की तिच्यात मरणाचा उल्लेखही नाही, नुसती देवाची स्तुती आहे. पण ती एकट्याने म्हणता येत नाही, समोरच्यांनी ‘आमेन’ म्हणायला लागतं. २०२० मध्ये माणसं मरत होती, त्यांच्या दफनाला मोजकी माणसं जात होती आणि घरी परतलेल्या मुलाला कद्दीश म्हणायला नऊ माणसं मिळत नव्हती.

पुन्हा पोथी उघडली गेली. योसेफ कारोंच्या ‘शुल्हान आरूख’ या सोळाव्या शतकातल्या आचारग्रंथात एक कलम आहे: दहाजण एकाच जागी हवेत, पण सिनेगॉगमागे उभा असलेला माणूस खिडकीतून तोंड दाखवत असेल, खिडकी कितीही मजले वर असली, तरी तो दहांत धरावा. या खिडकीवर २०२० मध्ये किती शाई आणि किती तास गेले असतील! इस्रायलमध्ये आणि न्यूयॉर्कमध्ये गच्च्या, सज्जे, परसदार यांत माणसं उभी राहून एकमेकांची तोंडं पाहत प्रार्थना करू लागली. कोणाचा सज्जा धरायचा, मधून सार्वजनिक रस्ता जात असेल तर काय, यावर पत्रकं निघाली. आणि मग अटळ प्रश्न आला: कॉम्प्युटरचा पडदा ही खिडकी धरायची का?

अमेरिकेतल्या कन्झर्व्हेटिव्ह पंथाच्या शास्त्रसमितीने २००१ मध्ये एका निर्णयात म्हटलं होतं की दहाजण एका खोलीत असले तर अकरावा दुरून सामील होऊन आमेन म्हणू शकतो, पण तो दहांत मोजायचा नाही. मार्च २०२० मध्ये समितीचे दोन्ही अध्यक्ष, एलियट डॉर्फ आणि पामेला बरमॅश, यांनी संकटापुरती मोकळीक दिली: स्थानिक रब्बीला योग्य वाटलं तर पडद्यावरचे दहाही चालतील. आपल्याकडच्या भाषेत हा आपद्धर्म. ऑर्थोडॉक्स रब्बींनी नकार दिला. त्यांच्यातल्या पुष्कळांनी महिनोन्‌महिने मिन्यानशिवाय काढले. त्याच वर्षी आषाढीला आपल्या पालख्यांच्या पादुका एसटीने पंढरपूरला गेल्या, तेव्हा ही वारी म्हणायची का, असं विचारणारे वारकरी आठवले तर हा नकार निव्वळ हट्ट वाटणार नाही. एकत्र चालणं हीच वारी असेल तर बसने काय साधलं? एकत्र असणं हेच मिन्यान असेल तर पडद्याने काय साधलं?

तरी पडद्याने जे दिलं ते कमी नव्हतं. चाकाच्या खुर्चीवरच्या, आजारी, गावात एकुलत्या एक उरलेल्या ज्यू माणसाला वर्षानुवर्षं जे मिळत नव्हतं ते अचानक मिळालं. संकट ओसरल्यावर ते काढून कसं घ्यायचं? सुधारणावादी आणि कन्झर्व्हेटिव्ह सिनेगॉगांतून कॅमेरे पुष्कळ ठिकाणी राहिले. वाद मात्र मिटलेला नाही. घरबसल्या ‘आमेन’ म्हणायची सवय लागली तर हॉलमध्ये दहावा कोण येणार, ही काळजी खोटी नाही. मला विचाराल तर सेडरच्या बाबतीत त्या चौदा रब्बींचं बरोबर होतं आणि मिन्यानच्या बाबतीत नकार देणाऱ्यांचं. सेडर प्रश्नावर चालतो, तो स्वतःलाही विचारता येतो. कद्दीशला शेजारी माणूस लागतो.

७ ऑक्टोबर २०२३ ला, सिम्हाथ तोराच्या सणादिवशी, हमासने इस्रायलमध्ये सुमारे १२०० माणसं मारली आणि २५१ जणांना ओलीस नेलं. नंतरच्या युद्धात गाझात हजारोंनी माणसं मेली आणि शहरंच्या शहरं भुईसपाट झाली. त्यानंतरच्या सेडरला अनेक घरांत ओलिसांसाठी एक खुर्ची रिकामी ठेवली गेली. या संकटातून काय दृष्टी निघते ते सांगायची वेळ अजून आलेली नाही, आणि ती बाहेरून सांगायचा आपला अधिकारही नाही. एवढंच नोंदवतो: मंदिर का पडलं, याचं तालमूदने दिलेलं एक उत्तर रोमकडे बोट दाखवत नाही. आपसातला निष्कारण द्वेष, असं ते सांगतं. कोठारं जाळणारे रोमन नव्हते, हेही तालमूद लपवत नाही. आज जेरुसलेममध्ये आणि न्यूयॉर्कमध्ये हा प्रश्न मोठ्याने विचारणारे ज्यू आहेत, त्यांना घरभेदी म्हणणारेही आहेत. त्यांची मतं कोणीतरी नावानिशी लिहून ठेवत असेल तर बरं.

शिंगाचं मात्र पुढे काय झालं ते सांगायला हवं. योहानान बेन झक्काईचा तो निर्णय काळाच्या ओघात मागे पडला. आज रोश हशाना शनिवारी आला तर पारंपरिक सिनेगॉगांत त्या दिवशी शोफार वाजत नाही, दुसऱ्या दिवशी वाजतो. २०२० मध्येही तसंच झालं: १९ सप्टेंबरचा शनिवार शांत गेला आणि रविवारी कुठे परसात, कुठे रस्त्याच्या कोपऱ्यावर, लोकांनी मास्क लावून शोफार ऐकला. यावनेतला तो निर्णय आज पाळत नाहीत, पण तो मिश्नामध्ये आहे, लागेल तेव्हा सापडेल. २०२६ मध्ये रोश हशाना पुन्हा शनिवारी, १२ सप्टेंबरला येतो. शोफार १३ तारखेला, रविवारी वाजेल. आपल्याकडे दुसऱ्या दिवशी गणेश चतुर्थी आहे.